सूर्यमालेतील ग्रह आणि त्यांचे वर्गीकरण: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतले विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, विज्ञान शिक्षक आणि नवी दुर्बीण घेतलेले हौशी निरीक्षक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ग्रहांचे वर्गीकरण एकाच निकषावर होत नाही. एखादी वस्तू कशाभोवती फिरते, कशाची बनली आहे, कक्षेवर तिची सत्ता किती आणि पृथ्वीवरून ती कशी दिसते, हे चार वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक गोंधळ या चारांची सरमिसळ झाल्यामुळे होतो, म्हणून प्रत्येक उत्तरात कोणता निकष चालू आहे ते आवर्जून सांगितले आहे.

सूर्यमालेत ग्रह नेमके किती?

आठ. सूर्यापासूनच्या क्रमाने बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. परीक्षेत 'नऊ' लिहिले तर गुण जातील, मग घरातल्या जुन्या पुस्तकात काहीही छापलेले असो.

ग्रह कोणाला म्हणायचे, हे कोणी आणि कधी ठरवले?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने, २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथल्या अधिवेशनात. त्याआधी 'ग्रह' या शब्दाची लेखी व्याख्याच नव्हती. ठरावात तीन अटी आहेत आणि तिन्ही पूर्ण व्हाव्या लागतात.

पहिली अट, वस्तू सूर्याभोवती फिरत असावी. दुसरी, तिचे वस्तुमान इतके असावे की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने ती जवळपास गोल झालेली असेल. तिसरी, तिने आपल्या कक्षेच्या आसपासचा परिसर मोकळा केलेला असावा.

पहिल्या दोन अटी पूर्ण करणारी, पण तिसरीत नापास होणारी आणि कोणाचा उपग्रह नसलेली वस्तू म्हणजे बटुग्रह. पहिली अट पूर्ण होते, पण वस्तू गोल होण्याइतकी जड नाही, अशा सगळ्या वस्तू 'सूर्यमालेतील लघुवस्तू' या गटात जातात. बहुतेक लघुग्रह आणि धूमकेतू त्यात येतात.

'परिसर मोकळा करणे' म्हणजे काय? गुरूच्या कक्षेत तर हजारो लघुग्रह आहेत!

तिसऱ्या अटीवर सर्वाधिक शंका येतात, आणि त्या रास्तच आहेत. 'मोकळा' याचा अर्थ तिथे एक खडाही नको असा नाही. त्या परिसरात गुरुत्वाकर्षणाची सत्ता एकाच वस्तूची असावी, असा अर्थ आहे. ग्रह तयार होत असताना मोठी वस्तू आपल्या वाटेतल्या लहान वस्तू गिळते, दूर भिरकावते किंवा ठरावीक जागी बांधून ठेवते. गुरूच्या पुढे आणि मागे ६० अंशांवर असलेले ट्रोजन लघुग्रह हे तिसऱ्या प्रकारातले. ते गुरूचे प्रतिस्पर्धी नव्हेत, गुरूच्याच गुरुत्वाकर्षणाने त्यांची जागा ठरवली आहे.

हे आकड्यांतही मोजता येते. वस्तूचे वस्तुमान घ्यायचे आणि त्याच कक्षापट्ट्यातल्या बाकी सगळ्या वस्तूंच्या एकत्रित वस्तुमानाने त्याला भागायचे (उपग्रह आणि आधीच बांधले गेलेले सोबती सोडून). पृथ्वीसाठी हे गुणोत्तर १७ लाखांच्या घरात येते. नेपच्यूनसाठी सुमारे २४,०००. सेरेससाठी ०.३३ आणि प्लूटोसाठी ०.०७ च्या आसपास. हजारांपासून एकदम एकाच्याही खाली! मधे कोणीच नाही, म्हणजे रेघ कुठे ओढायची याबद्दल सूर्यमालेत तरी संदिग्धता उरत नाही. व्याख्येचे शब्द मोघम आहेत ही टीका खरी आहे, पण शब्दांमागचा फरक मोघम नाही.

मग प्लूटो का वगळला? लहान आहे म्हणून?

नाही. 'आकार लहान म्हणून' हे उत्तर चुकीचे आहे आणि फार ठिकाणी शिकवले जाते. प्लूटोचा व्यास २,३७७ किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राच्या ३,४७४ किलोमीटरपेक्षाही कमी, हे खरे. पण व्याख्येत किमान व्यासाची अटच नाही. प्लूटो सूर्याभोवती फिरतो, गोल आहे, म्हणजे दोन अटी पूर्ण करतो. अडतो तिसरीत.

नेपच्यूनपलीकडे कायपर पट्टा नावाचा बर्फाळ वस्तूंचा मोठा पट्टा आहे आणि प्लूटो त्यातला एक रहिवासी आहे. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षाप्रतलाशी १७ अंशांनी कललेली आहे. ती इतकी लांबट आहे की १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. तरी दोघांची टक्कर होत नाही, कारण नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन होतात आणि दोघे जवळ येण्याची वेळच येत नाही. इथे वेळापत्रक नेपच्यूनचे आहे, प्लूटो ते पाळतो.

प्रश्न ऐरणीवर आणला तो एरिसने. २००५ मध्ये जाहीर झालेल्या या वस्तूचे वस्तुमान प्लूटोपेक्षा सुमारे २७ टक्के जास्त निघाले. प्लूटो ग्रह असेल तर एरिस दहावा ग्रह, आणि मग त्यांच्यासारखे आणखी कितीतरी. संघाला निर्णय घेणे भागच होते.

असे आधी कधी घडले होते का?

घडले होते, आणि ते अभ्यासक्रमात असायला हवे होते असे आम्हाला वाटते. १ जानेवारी १८०१ रोजी इटालियन खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना पालेर्मोहून मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान सेरेस सापडला. तो ग्रह म्हणूनच गणला गेला. पाठोपाठ पॅलस, जुनो, व्हेस्टा सापडले आणि तेही ग्रहांच्या यादीत बसले. पुढे १८४५ नंतर अशा वस्तू भराभर सापडू लागल्या तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी त्यांचा वेगळा गट केला, तेच लघुग्रह. प्लूटोच्या बाबतीत तोच प्रवास झाला: १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांनी शोधला, १९९२ पासून त्या भागातल्या इतर वस्तू सापडू लागल्या, २००६ मध्ये गट बदलला. सेरेसची मात्र बढती झाली. लघुग्रहांपैकी तो एकटाच आज बटुग्रह आहे.

बटुग्रह किती आणि कोणते?

संघाने मान्य केलेले पाच: सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके, एरिस. सेरेस मंगळ-गुरू दरम्यानच्या पट्ट्यात, बाकी चार नेपच्यूनपलीकडे. क्वावार, गाँगगाँग, सेडना असे आणखी दावेदार आहेत. अनेक खगोलशास्त्रज्ञ त्यांना बटुग्रहच म्हणतात. परीक्षेच्या उत्तरात पाच लिहावेत.

गोल होण्यासाठी वस्तू किती मोठी लागते?

ती कशाची बनली आहे त्यावर ठरते. बर्फ तुलनेने मऊ, म्हणून बर्फाळ वस्तू ४०० किलोमीटर व्यासाच्या आसपास गोल होऊ लागते. शनीचा उपग्रह मिमास ३९६ किलोमीटरचा आणि गोल आहे. खडक ताठर, त्याला जास्त वस्तुमान लागते. व्हेस्टा सरासरी ५२५ किलोमीटरचा असूनही नीट गोल नाही. त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ प्रचंड आघाताने मोठा भाग उडालेला आहे. सेरेस सुमारे ९४० किलोमीटरचा, स्वच्छ गोल.

गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे, तरी तो ग्रह का नाही?

पहिल्याच अटीमुळे. गॅनिमीडचा व्यास ५,२६८ किलोमीटर, टायटनचा ५,१५०, बुधाचा ४,८७९. पण गॅनिमीड गुरूभोवती फिरतो, टायटन शनीभोवती. म्हणून ते उपग्रह. वस्तुमानात मात्र बुध या दोघांच्या दुपटीहून भारी आहे, कारण त्याच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गाभा आहे आणि या दोघांत जवळपास निम्मे बर्फ.

खडकाळ ग्रह, वायुरूप ग्रह, बर्फाळ ग्रह हे वर्ग कशावरून पडले?

रचनेवरून. ग्रह कोण, हे ठरवणाऱ्या व्याख्येशी याचा संबंध नाही. आठांची यादी पक्की झाल्यावर त्यांच्यात केलेली ही वाटणी आहे.

बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे खडकाळ. पृष्ठभाग घट्ट, पोटात लोखंडी गाभा, घनता ३.९ ते ५.५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. पृथ्वी ५.५१ सह सगळ्यांत घन. गुरू आणि शनी वायुमहाकाय: बहुतांश हायड्रोजन आणि हेलियम. गुरूची घनता १.३३, शनीची ०.६९, म्हणजे पाण्याहूनही कमी. तरी गुरू एकटा ३१८ पृथ्वींइतका जड आणि शनी ९५.

युरेनस आणि नेपच्यून यांना जुन्या पुस्तकांत वायुरूपच म्हटलेले आढळते. आज त्यांचा वर्ग वेगळा धरतात: बर्फमहाकाय. त्यांच्यात हायड्रोजन-हेलियम कमी. पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा वाटा मोठा. इथे 'बर्फ' शब्दाने फसू नका. आत हजारो अंश तापमानाचा दाट द्रव आहे. ग्रह घडताना हे पदार्थ गोठलेल्या रूपात आले, म्हणून ते नाव. दोघांचा निळसर रंग वरच्या थरातल्या मिथेनमुळे. तो तांबडा प्रकाश शोषून घेतो.

ही वाटणी योगायोगाने झालेली नाही. सूर्य तयार होत असताना त्याच्याभोवतीच्या तबकडीत एक हिमरेषा होती, आजच्या लघुग्रह पट्ट्याच्या आसपास. तिच्या आत पाणी वाफेच्या रूपात, म्हणून घट्ट मालमसाला फक्त खडक आणि धातूंचा, तोही थोडा. बाहेर बर्फही उपलब्ध, त्यामुळे गाभे झपाट्याने मोठे झाले आणि त्यांनी भोवतीचा वायू ओढून घेतला. गुरू आणि शनीला तो भरपूर मिळाला. युरेनस-नेपच्यून सावकाश वाढले आणि ते पुरेसे मोठे होईपर्यंत वायू बराचसा विरून गेला होता.

अंतर्ग्रह आणि बहिर्ग्रह यात पुस्तकापुस्तकांत फरक का दिसतो?

कारण सीमा दोन आहेत. शालेय भूगोलात लघुग्रह पट्टा ही सीमा: आत चार, बाहेर चार. निरीक्षणाच्या पुस्तकात पृथ्वीची कक्षा ही सीमा: आत फक्त बुध आणि शुक्र, मंगळ थेट बाहेरच्या गटात. प्रश्न वाचताना सीमा कोणती ते आधी पाहा. 'मध्यरात्री डोक्यावर कधीच न दिसणारे ग्रह' असे विचारले तर दुसरी वाटणी लागू होते आणि उत्तर बुध व शुक्र.

नवग्रहांत रवी, चंद्र, राहू, केतू कसे? आणि पृथ्वी का नाही?

तो निकष चौथ्या प्रकारचा आहे: पृथ्वीवरून काय दिसते. ताऱ्यांच्या स्थिर पार्श्वभूमीवर जे जे सरकताना दिसते ते ग्रह, असे धरले की सूर्य आणि चंद्रही यादीत येतात आणि ज्यावर उभे राहून पाहतो ती पृथ्वी येत नाही. राहू आणि केतू या वस्तू नाहीत. चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला जिथे छेदते ते हे दोन बिंदू. ते मागे सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात आणि ग्रहणे त्यांच्या जवळच होतात. ग्रहणाचे गणित करणाऱ्याला हे बिंदू लागतातच, म्हणून पंचांगात त्यांना जागा आहे. पंचांगात 'हर्षल' दिसतो तो युरेनस. विल्यम हर्शेल यांनी १३ मार्च १७८१ रोजी तो शोधला.

शनी वक्री झाला म्हणजे तो उलटा फिरू लागतो का?

नाही. पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने जात शनीला मागे टाकते, त्या काळात तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकल्यासारखा वाटतो. शनीचे असे सुमारे साडेचार महिने असतात, गुरूचे चार, मंगळाचे दोन ते पावणेतीन. ग्रह कक्षेत पुढेच जात असतो.

खरोखर उलटे परिवलन करणारे दोन: शुक्र आणि युरेनस. शुक्र स्वतःभोवती उलट दिशेने २४३ दिवसांत फिरतो, तर सूर्याभोवती २२५ दिवसांत. युरेनसचा आस ९८ अंशांनी कललेला, म्हणजे तो आडवा पडूनच फिरतो.

सर्वांत उष्ण ग्रह बुध की शुक्र?

शुक्र. जाड कार्बन डायऑक्साइडचे वातावरण उष्णता अडवून धरते, त्यामुळे पृष्ठभाग दिवसरात्र ४६५ अंश सेल्सिअसच्या आसपास. बुधावर वातावरण नसल्यासारखेच, म्हणून दिवसा ४३० आणि रात्री उणे १८०. स्पर्धा परीक्षेत 'सूर्याच्या सर्वांत जवळचा' वाचून घाईने बुधावर खूण करणारे पुष्कळ असतात.

सर्वाधिक उपग्रह कोणाचे?

शनीचे. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळून संख्या २७४ झाली. गुरू बराच मागे. ही संख्या बदलत राहते, म्हणून उत्तर पाठ करताना साल सोबत लक्षात ठेवा. बुध आणि शुक्राला उपग्रह नाहीत, मंगळाला दोन.

कडी फक्त शनीलाच आहेत का?

चारही महाकाय ग्रहांना आहेत. शनीची तेवढी लहान दुर्बिणीतून दिसतात. युरेनसची कडी १९७७ मध्ये सापडली, तीही थेट न दिसता: युरेनस एका ताऱ्यासमोरून जाताना तारा आधी आणि नंतर अनेकदा क्षणभर मंदावला. त्या निरीक्षणात तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेचाही वाटा होता.

गुरू म्हणजे तारा होता होता राहिलेला ग्रह, हे खरे का?

नाही. हायड्रोजनचे संमीलन (ताऱ्याला तेजस्वी ठेवणारी प्रक्रिया) सुरू व्हायला गुरूच्या सुमारे ८० पट वस्तुमान लागते.

नववा मोठा ग्रह सापडला आहे का?

सापडलेला नाही. २०१६ मध्ये बॅटिगिन आणि ब्राउन या खगोलशास्त्रज्ञांनी दूरच्या काही वस्तूंच्या कक्षांवरून असा ग्रह असावा, असा अंदाज मांडला. गणिताने ग्रह सापडतो, याचे उदाहरण नेपच्यून: फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिए यांनी युरेनसच्या गतीतल्या फरकावरून जागा सांगितली आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनहून गॉले यांना तो एक अंशाच्या आत मिळाला. त्याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या गतीवरून 'व्हल्कन' नावाचा ग्रह सुचवला, तो मात्र नव्हताच. ते कोडे १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांताने सुटले. म्हणून प्रत्यक्ष दिसेपर्यंत यादी आठांचीच.

साताऱ्यातून किंवा सांगलीतून नुसत्या डोळ्यांनी किती ग्रह दिसतात?

पाच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. युरेनस अगदी काळोख्या आकाशात डोळ्यांच्या मर्यादेवर असतो, शहरातून नाही. नेपच्यूनला दुर्बीण लागतेच.

ग्रह ओळखायची रीत अशी. आधी मार्ग पाहा: ग्रह सूर्य-चंद्राच्या वाटेवरच असतात, उत्तरेला ध्रुवताऱ्याकडे कधीच नाही. मग लुकलुक पाहा. तारा बिंदूइतका असल्याने हवेतल्या हालचालीने लुकलुकतो. ग्रहाला तबकडी असते, म्हणून त्याचा प्रकाश स्थिर राहतो. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही लुकलुकतो, तेव्हा किमान २० अंश वर असलेल्या वस्तूवरच ही कसोटी लावा. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणजे दोन मुठी.

बुध सूर्यापासून जास्तीत जास्त १८ ते २८ अंश दूर जातो, त्यामुळे तो शोधायला पश्चिम क्षितिज उघडे हवे. इथे सातारा शहर कमी पडते: पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आणि दक्षिणेला अजिंक्यतारा. कोरेगावच्या बाजूला सरकलात की काम सोपे होते. सांगली-मिरजेचा सपाट मुलूख बुधासाठी उत्तम. आपण १७ अंश अक्षांशावर असल्याने फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी ग्रहांची वाट क्षितिजावर जवळपास उभी असते आणि बुध सरळ वर दिसतो. पहाटेसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर चांगले. सूर्यास्तानंतर ३० ते ४५ मिनिटांनी शोधा. आधी उजेड जास्त, नंतर बुध खाली गेलेला.

निरीक्षणासाठी जिल्ह्यातली कोणती जागा आणि कोणते महिने?

पूर्वेकडे जा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. माण, खटाव, आटपाडी, जत इथे ढग कमी, दिवे कमी, हवा कोरडी. कृष्णाकाठी डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुके साचते, संध्याकाळी ते आड येत नाही. कास पठारावर रात्री जाऊ नका; तिथली जमीन नाजूक आहे आणि पायाखाली काय तुडवले जाते ते अंधारात कळत नाही.

महिन्यांचे गणित ग्रहावर अवलंबून आहे. बाहेरचा ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा तो रात्रभर आणि सर्वांत मोठा दिसतो. शनीची ही वेळ दरवर्षी सुमारे १३ दिवस पुढे सरकते: २०२६ मध्ये ४ ऑक्टोबर, म्हणजे पावसाच्या शेपटाला. पुढची वर्षे आपल्यासाठी आणखी चांगली. गुरूची वेळ दरवर्षी महिनाभर पुढे जाते: १० जानेवारी २०२६, मग ११ फेब्रुवारी २०२७. मंगळाची २६ महिन्यांनी येते, १९ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे, पण तेव्हा मंगळ सूर्यापासून दूरच्या टप्प्यात असल्याने तबकडी लहान दिसेल. मंगळ सर्वांत जवळ येतो तो नेहमी ऑगस्टच्या आगेमागे, नेमका आपल्या पावसाळ्यात. म्हणून जवळच्या मंगळासाठी माण-जतच्या पर्जन्यछायेतल्या जागा हेरून ठेवा.

'२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा संदेश खरा का?

खोटा, आणि दरवर्षी फिरतो. २००३ मध्ये त्या तारखेला मंगळ ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, त्यातून हे निघाले. तेव्हाही त्याची तबकडी चंद्राच्या सत्तरावा हिस्साच होती.

दुर्बीण घेतली, पण शनी नुसता थरथरणारा ठिपका दिसतो. काय चुकते?

बहुधा दुर्बीण नाही, जागा चुकते. स्लॅबच्या गच्चीवर दिवसभराची ऊब रात्री वर येत राहते आणि हवा हलते. गवतावर किंवा मातीवर तिपाई लावा, रात्री दहानंतर पाहा, ग्रह उंच असू द्या. दुर्बीण घरातून बाहेर आणल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या. खिडकीच्या काचेतून पाहू नका.

दुसरी चूक मोठेपणाची, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी करायची याची. खोक्यावर '५२५ पट' छापलेले असते, पण उपयोगी मोठेपणा भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट इतकाच: ७० मिलिमीटरला १४० पट. मोठेपणा काढायचा तर दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) नाभीय अंतराने भागा. ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ चा आयपीस लावला की २८ पट, १० चा लावला की ७० पट. नेहमी २५ ने ग्रह शोधा, मधोमध आणा, मग १० लावा. सोबत येणारे ३ पटीचे स्वस्त बार्लो भिंग (आयपीसच्या आधी लावून मोठेपणा वाढवणारे) बाजूला ठेवा. प्रतिमा मोठी होते, पण काळोखी आणि धूसर.

शोधक दुर्बीण (मुख्य दुर्बिणीवर बसवलेली, नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसा जुळवून घ्या. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा त्यासाठी सोयीचा: मुख्य दुर्बिणीत टोक मधोमध आणा आणि शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक तिच्या फुलीवर घ्या. हे करताना सूर्याच्या दिशेला दुर्बीण अजिबात वळवू नका. क्षणात डोळा कायमचा जातो. मुलांच्या हाती दिवसा दुर्बीण देऊन बाजूला जाऊ नका.

सगळे बरोबर असेल तर २८ पटींत गुरूचे चार मोठे चंद्र आणि शुक्राच्या कला दिसतात, ७० पटींत गुरूचे दोन पट्टे, शनीचे कडे आणि टायटन. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याकडे अगदी कडेने वळली होती, त्यामुळे त्या सुमारास ती रेघेसारखी दिसली. दरवर्षी ती उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडी दिसतील.

शाळेच्या मैदानावर प्रमाणात सूर्यमाला कशी मांडायची?

तक्त्यातल्या चित्रात ग्रह शेजारी शेजारी दिसतात, कारण आकार आणि अंतर एकाच मापाने कागदावर मावत नाहीत. मैदानावर मावतात, जवळजवळ. पृथ्वी-सूर्य अंतर (१४.९६ कोटी किलोमीटर) म्हणजे १० मीटर धरा.

सूर्यासाठी पुठ्ठ्याचे ९.३ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ कापा. तिथून मोजपट्टीने बुध ३.९ मीटरवर, शुक्र ७.२, पृथ्वी १०, मंगळ १५.२, गुरू ५२, शनी ९५.५, युरेनस १९२ आणि नेपच्यून ३०१ मीटरवर. गुरूसाठी ९ मिलिमीटरचा काबुली हरभरा, शनीसाठी ८ मिलिमीटरचा वाटाणा आणि त्याभोवती १८ मिलिमीटरची कागदी चकती, युरेनस व नेपच्यूनसाठी साडेतीन मिलिमीटरच्या आतले ज्वारीचे बारीक दाणे, पृथ्वी व शुक्रासाठी खसखशीचा एकेक दाणा. मंगळ अर्धा मिलिमीटर आणि बुध त्याहून लहान, ते टाचणीच्या टोकाने कागदावर ठिपका देऊन दाखवा. दाणे पांढऱ्या कार्डावर चिकटवा, नाहीतर वाऱ्याने सूर्यमाला पाच मिनिटांत रिकामी होते.

बहुतेक शाळांचे मैदान शनीपाशी संपते. युरेनस आणि नेपच्यूनसाठी दोन मुलांना रस्त्याकडेला पाठवावे लागते, सोबत शिक्षक हवेत. मापाची दोरी वापरली तर ती ताणते आणि ३०० मीटरला पाच-सहा मीटर फरक पडतो. ३० मीटरची फायबरची टेप दहा वेळा लावा आणि प्रत्येक टप्प्याला खुंटी ठोका. सगळे ग्रह एका ओळीत ठेवू नका, वेगवेगळ्या दिशांना ठेवा, कारण खऱ्या सूर्यमालेत ते तसेच विखुरलेले असतात. जागा कमी असेल तरच ओळ करा आणि मुलांना तसे सांगा.

या मापात प्रकाश सेकंदाला दोन सेंटिमीटर चालतो. एका मुलाला सूर्यापासून त्या वेगाने बोट सरकवत पृथ्वीपर्यंत न्यायला सांगा: आठ मिनिटे एकोणीस सेकंद लागतात. नेपच्यूनपर्यंत चार तासांहून जास्त. सर्वांत जवळचा तारा याच मापाने २,६८० किलोमीटरवर येतो, साताऱ्याहून दिल्लीच्या सरळ अंतराच्या दुपटीपेक्षा लांब.